रेघेत नसलेली नादीन

बेल्जियममधल्या त्युअँ गावात नदीकाठच्या वस्तीत ज्यांची घरे आहेत, त्यांतले निम्मे लोक अजूनही स्वतःला पडाववाले, म्हणजे मालवाहू होड्यांवरचे लोक, म्हणवतात; आजोबांनंतर घरातल्या कुणी पडावावर पाय ठेवलेला नसला तरी. ओडील कोर्ने त्यांच्यातली नव्हे. तिचे वडील शार्लरुआच्या काचकारखान्यात भट्टीवर होते. ती या वस्तीत आली ती लग्न होऊन, १९५५ च्या एप्रिलमध्ये, एक ट्रंक, एक शिवणयंत्र आणि सव्वीस ब्रश घेऊन. सासूने ट्रंकेतल्या चादरी मोजल्या आणि त्या कमी भरल्या, तेव्हा ओडीलने ब्रशांची पेटी पुढे करून, आता हेही मोजा म्हणून सांगितले. ही गोष्ट वस्तीत पुढे बरीच वर्षे सांगितली जाई.

ब्रश हे तिचे पोटापाण्याचे साधन होते. सतराव्या वर्षी, शाळा सुटताना, चित्रकला शिकवणाऱ्या सिस्टरने तिच्या दाखल्यावर लिहून दिले होते: हात स्थिर, बोलणे कमी. तेवढ्यावर तिला नोकरी लागली. शार्लरुआत मुलांसाठी चित्रकथांचे एक साप्ताहिक निघत असे. त्याच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडक्यांखाली, आठ मुली ओळीने बसून रंग भरत. कामाची रीत अशी होती. चित्रकार काळ्या शाईने पान काढून देई. छापखाना त्याचा फोटो घेऊन तेच चित्र जाड कागदावर अगदी फिक्या निळ्या रेघांत उमटवी. त्या कागदांना सगळे ‘निळ्या’ म्हणत. मुलींनी त्या निळ्यांवर रंग भरायचे. काळी रेघ वेगळ्या पारदर्शक फिल्मवर असे, ती छापताना वरून बसे. छपाई झाली की शाईचे मूळ पान चित्रकाराला परत जाई, आणि निळी टोपलीत. शनिवारी टोपली भरली की रखवालदार ती तळघरात नेऊन बंब पेटवायला वापरी. कुणाला त्यात काही वाटत नसे. ओडीललाही वाटत नसे. चित्र म्हणजे काळी रेघ. रंग म्हणजे भिंतीला चुना.

त्या खोलीच्या मुख्य बाई होत्या मादाम वीलमार. त्या पाठीमागून येत, खांद्यावरून वाकून बघत आणि म्हणत, “रंग दिसला तर तुमचं काम चुकलं, पोरींनो. आकाश दिसलं पाहिजे.” ओडीलने हे वाक्य गाठीला बांधले आणि जन्मभर सोडले नाही.

आर्मां कोर्ने हा त्या साप्ताहिकाचा विनोदी चित्रकार. मेलशियोर नावाचा एक विसरभोळा बंबवाला त्याने काढला होता. आग लागली की तो शिडी विसरायचा, शिडी आणली की पाणी विसरायचा. दर आठवड्याला एक पान. मुले त्याच्यावर लट्टू होती. आर्मां स्वतः पडाववाल्याचा मुलगा, उंच, हाडकुळा, खोलीत शिरताना पडावाच्या केबिनमध्ये शिरावे तसा डोके वाकवून शिरणारा. पान शिपायाहाती वर पाठवायचे सोडून तो ते स्वतः घेऊन येऊ लागला, तेव्हा आठांतल्या सात मुलींना कारण कळले. एकदा तो ओडीलच्या टेबलाशी उभा राहून बराच वेळ बंबवाल्याच्या टोपीकडे बघत होता.

“हा लाल जरा जास्तच लाल झालाय,” तो म्हणाला.

“मग जरा कमी लाल नजरेनं बघा,” ओडील मान वर न करता म्हणाली.

सातही मुली हसल्या. वर्षभरात लग्न झाले. त्यानंतर ओडील घरूनच रंग भरू लागली. नदीकडच्या खिडकीत तिचे टेबल, भिंतीकडे त्याचे. दिवसभर दोघांत फारसे बोलणे होत नसे. नदीवरून पडाव जात, जलद्वाराशी थांबत, पाणी चढे, उतरे, दारे उघडत आणि पडाव पुढे जात.

नादीन जन्मली ३ ऑगस्ट १९५९ रोजी. एकुलती एक. बोलायला शिकली तशी ती दिवसभर काठावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक पडावाला विचारी, “काय नेताय?” कोळसा, वाळू, बीट, लोखंड. कुणी चेष्टेने “हत्ती” म्हटले तर ती कमरेवर हात ठेवून म्हणे, “मग पडाव बुडाला का नाही?” ओडीलची धाकटी बहीण बेर्त हिने शार्लरुआच्या बाजारातून तिला एक पिवळा रेनकोट आणला होता. दोन मापे मोठा, पुढे पुरावा म्हणून. नादीन तो उन्हातही घाली. नदीवरचे लोक तिला लांबून ओळखत, कारण काठावर तो पिवळा ठिपका आधी दिसे आणि मुलगी मग.

१९६५ मध्ये आर्मांने संपादकांकडे हट्ट धरला की त्याला एक गंभीर कथा काढायची आहे, चव्वेचाळीस पानांची. खाणी बंद पडत चालल्या आहेत, एक पडाववाला कोळशाची शेवटची खेप घेऊन सांब्र नदीने नामूरपर्यंत चालला आहे, सोबत कुत्रा आणि पिवळ्या रेनकोटमधली मुलगी. बस्स, एवढीच कथा. संपादकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण बंबवाला चालू ठेवण्याच्या बोलीवर हो म्हटले. ऑक्टोबरपासून दर आठवड्याला एक पान छापून येऊ लागले. नादीनला पान दाखवले की ती आधी कुत्रा बघे. स्वतःबद्दल तिचे एकच म्हणणे होते, की आपले बूट नीट काढलेले नाहीत.

फेब्रुवारी १९६६ मध्ये, एका गुरुवारी संध्याकाळी, तिला ताप चढला. शनिवारी मान वाकेना. डॉक्टरांनी मेंदूज्वर म्हणून सांगितले. रविवारी दुपारी, बाहेर चर्चमधून लोक घरी परतत असताना, ती गेली. साडेसहा वर्षांची होती.

मंगळवारी तिला पुरले. साप्ताहिकाने पुष्पचक्र पाठवले आणि शुक्रवारी फोन केला. फार मऊ आवाजात, पण केला. छापखाना थांबत नाही. चोवीस पाने देऊन झाली होती, पंचविसावे द्यायचे होते. आर्मां टेबलाशी जाऊन बसला. त्या पानात मुलगी पडावाच्या पुढच्या टोकावर बसून वडिलांच्या हातून पाव घेते, असे ठरलेले होते. आर्मांने पडाव काढला. दोर काढले. मान वर करून कुणाकडे तरी बघणारा कुत्रा काढला. पावाचा तुकडा पुढे करणारा बाप काढला. आणि तेवढेच पाठवले.

पुढच्या आठवड्यात त्या पानाची निळी ओडीलकडे रंगवायला आली. ती बराच वेळ नुसती बघत बसली. बापाचा हात पुढे, आणि समोर कोणी नाही. मग तिने पिवळा कालवला, आणि जिथे कुत्रा बघत होता तिथे, साडेसहा वर्षांच्या मुलीच्या उंचीएवढा, तो लावला. रेघ नाही, चेहरा नाही, हातपाय नाहीत. पावसाने ओल्या झालेल्या काचेतून काठावरचा रेनकोट दिसावा, तेवढेच. आर्मां चहाचा कप घेऊन मागे आला, थांबला, आणि कप तसाच घेऊन परत गेला. पान वाळल्यावर त्यानेच ते पाकिटात घातले.

पुढच्या पानात त्याने पुन्हा जागा सोडली होती. बाकावर शेजारच्याने सरकून बसावे तशी. ओडीलने तिथे तिला ठेवले.

त्या घरात नादीनचे नाव पुन्हा निघाले नाही. तिची खुर्ची आर्मांने माळ्यावर नेऊन ठेवली आणि खाली येऊन हात धुतले. सांत्वनाला येणाऱ्यांना ओडील कॉफी देई आणि हवेबद्दल बोले. दोघेही तसेच होते, एकाने विषय काढला असता तर दुसऱ्याने ऐकला असता, पण काढला कोणीच नाही. आठवड्यातून एकदा तो कागदावर जागा सोडत होता आणि एकदा ती ती भरत होती. आपल्या मुलीबद्दल नवराबायकोत झाले ते बोलणे एवढेच.

साप्ताहिकाचा कागद हलका, छपाई स्वस्तातली. पिवळा रंग जागेवरून थोडा सरकून छापला जाई. पोरांची पत्रे येऊ लागली की नदीच्या कथेत डाग पडतात. संपादकांनी खुलासा छापला: छपाईतील दोषाबद्दल दिलगीर आहोत. मादाम वीलमारने ओडीलला फोनवर विचारले की हे काय चालले आहे; ओडील म्हणाली, चित्रकाराची तशी सूचना आहे. मग त्यांनी आर्मांला फोनवर बोलावून घेतले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “आहे तसं राहू द्या.”

दरवर्षी ते साप्ताहिक वाचकांची मते मागवी. अंकात एक चिठ्ठी असे, तिच्यावर मुलांनी आपल्या आवडीच्या क्रमाने कथा लिहायच्या आणि पोस्टाने पाठवायची. जी तळाला जाई ती बंद होई. त्या मे महिन्यात सतरा कथांमध्ये नदीची कथा सतरावी आली. दहा वर्षांच्या मुलांना नायिका हरवलेली, डाग पडलेली कथा कशाला हवी? एकतिसाव्या पानानंतर ती थांबली. शेवट नाही, दोन ओळींचा निरोप नाही. पुढच्या आठवड्यात त्या जागी शर्यतीच्या मोटारी धावू लागल्या.

आर्मांने उरलेली तेरा पाने तरीही काढली. रविवारी दुपारी, वर्षभर. कुणासाठी ते ओडीलने विचारले नाही. छापखान्याच्या फोटोखोलीत गास्तों नावाचा त्यांचा एक जुना स्नेही होता. त्याने दुसऱ्या कामांच्या आड तेरा निळ्या उमटवल्या आणि पावाच्या पिशवीतून आणून दिल्या. मोबदल्यात त्याला साखरेचा टार्ट लागे, आणि तो संपेपर्यंत तो उठत नसे. ओडीलने त्या निळ्यांवरही नादीनला ठेवले. १९६७ च्या शरदात ते संपले. शाईची पाने पत्र्याच्या कपाटात गेली, निळ्या जिन्याखालच्या खोक्यात. पंचविसाव्यापासून छापून झालेल्या सात पानांच्या निळ्या कधीच बंबात गेल्या होत्या. आर्मां एकट्या बंबवाल्याकडे परतला आणि पुढे वीस वर्षे लोकांना हसवत राहिला. लोक त्याला रस्त्यात थांबवून विचारत, “काय, आज काय विसरलात?” तो म्हणे, “घरी जायचं.”

१९९७ मध्ये तो गेला. दोन वर्षांनी ओडीलने नदीकाठचे घर विकून वरच्या गावात, बेकरीच्या डोक्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बेर्त तीन दिवस मदतीला आली होती. बेर्तचे तोंड कामापेक्षा जास्त चाले.

“त्या फ्लॅटमध्ये राहणार कोण, तू की तुझे कागद?”

ओडीलने कागदांचे दोन भाग केले. शाईचे एकेक पान तिने पातळ कागदात गुंडाळले आणि पाठीवर पेन्सिलीने आकडा घातला. खोक्यातल्या निळ्यांचा गठ्ठा दोरीने बांधून बुधवारच्या रद्दीसाठी दाराशी ठेवला. बेर्तने गठ्ठ्याचा कोपरा उचलून पाहिला.

“अगं, हे तर रंगीत आहेत. ठेवायचे तर हे ठेव, ते काळे टाक.”

“रंगीतच टाकायचे असतात,” ओडीलने तिला शांतपणे समजावले. बेर्तला या धंद्यातले काही कळत नाही, असे तिचे पहिल्यापासून मत होते. बुधवारी सकाळी सव्वाआठला गाडी आली. ओडील तेव्हा खिडक्या पुसत होती.

दहा वर्षे अशीच गेली. मग २००९ च्या हिवाळ्यात नामूरहून तिबो रांसों नावाचा एक गृहस्थ तिला भेटायला आला. वय चौतीस, टक्कल पडू लागलेले, पायपुसण्यावर पाय फार वेळ पुसणारा. त्याची लहानशी प्रकाशन संस्था होती. वडिलांच्या पोटमाळ्यावर त्याला साप्ताहिकाचे बांधीव खंड सापडले होते आणि त्यांत नदीची ती अर्धवट कथा. तो म्हणाला की सगळे जग आर्मां कोर्नेला बंबवाल्यासाठी ओळखते, पण त्यांचे खरे काम हे आहे, आणि ते कुणाला ठाऊकच नाही. ओडीलने आतून तेरा पाने आणून त्याच्यापुढे ठेवली. कथा पूर्ण झाली होती हे त्याला माहीत नव्हते. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि काही वेळ परत घातला नाही.

त्या हिवाळ्यात तो सहा वेळा आला. तो येणार म्हटले की ओडील टेबलक्लॉथला इस्त्री करी आणि शेजारणीच्या दाराशी जाऊन वॅफल करण्याचा साचा मागून आणी. एवढे बोलायला तिला वर्षानुवर्षे कुणी मिळाले नव्हते. कोणत्या जलद्वाराचा रखवालदार खराच तसा होता, कुत्रा कुणाचा होता, सगळे तिने सांगितले. मुलगी कुणाची होती हे त्याने विचारले नाही, तिने सांगितले नाही.

एकदा त्याने विचारले, साप्ताहिकातले रंग कुणी केले होते.

“स्टुडिओतल्या मुलींनी,” ती म्हणाली. असा प्रश्न आला की त्या खोलीतली कुठलीही मुलगी हेच उत्तर देई.

“निळ्या वगैरे काही उरल्यात?”

“त्या कोण ठेवतं?”

त्याने मान हलवली. त्यालाही ठाऊक होते. म्हणाला, तसेही पुस्तक काळ्या रेघेतच निघणार आहे, मोठ्या आकारात, कारण कलावंताचा हात तिथेच दिसतो. ओडीलला अभिमान वाटला. असे काळेपांढरे मोठे पुस्तक फक्त थोरांचे निघते, हे तिलाही माहीत होते. शाईची ती पाने तिने स्वतः चाळून चाळीसहून अधिक वर्षे झाली होती. गुंडाळताना तिने पाहिली होती ती पाठीकडून, आकडे घालायला. तिच्या मनात त्या पानांवर पिवळा होताच.

१६ ऑक्टोबर २०१०, शनिवार. नदीकाठच्या पडाववाल्यांच्या सभागृहात पुस्तकाचा समारंभ होता. बिअर, सेलरीचे मीठ लावलेले चीजचे तुकडे, पहिल्या रांगेत कोट घालून आलेले म्हातारे पडाववाले, मागे ब्रसेल्सहून आणि लीलहून आलेले संग्राहक. ओडीलला पुढे बसवले होते, शेजारी बेर्त. तिबोने कागद न बघता भाषण केले. तो म्हणाला की पंचविसाव्या पानावर मुलगी नाहीशी होते आणि लेखक त्याचे कारण देत नाही. बाप रिकाम्या जागेकडे पाव धरतो, कुत्रा कुणाचीच वाट बघतो, आणि हे शेवटपर्यंत चालते. बेल्जियमच्या चित्रकथांत इतके धाडस कुणी केले नव्हते. “आणि साप्ताहिकातले ते पिवळे डाग, संग्राहकांना चांगले ठाऊक आहेत,” मागून हशा आला, “त्या डागांतून ही पानं आज पहिल्यांदा स्वच्छ सुटली आहेत.”

टाळ्या वाजल्या. ओडीलने मांडीवरचे पुस्तक उघडले. पंचविसावे पान. बापाचा हात पुढे, आणि त्याच्यापुढे पांढरा कागद. तिने पान उलटले. सव्विसावे. सत्ताविसावे. ती शेवटपर्यंत गेली, एकही पान न गाळता, आणि परत पंचविसाव्यावर आली.

“बेर्त, ती नाहीये.”

“कोण नाहीये?”

“नादीन.”

बहिणीच्या तोंडून ते नाव बेर्तने चव्वेचाळीस वर्षांत ऐकले नव्हते. तिने ग्लास जमिनीवर ठेवला आणि पुस्तक आपल्या मांडीवर ओढून घेतले, आणि दाराशी बांधून ठेवलेला तो गठ्ठा तिलाही आठवला असावा, कारण तिने तोंडावर हात धरला.

नंतर लोक रांग लावून उभे राहिले. चित्रकार हयात नाही, तेव्हा पत्नीने सही करावी, अशी विनंती होती. ओडीलने एकसष्ट पुस्तकांवर सह्या केल्या, सिस्टरांनी शिकवलेल्या गोल अक्षरात, प्रत्येक नाव नीट विचारून. लोक उभे होते, म्हणून केल्या.

सोमवारी सकाळी तिने तिबोला फोन करून बोलावले. तो आला, पाय पुसले, बसला. टेबलक्लॉथ नव्हता. तिने सांगितले की ते डाग नव्हते, ते तिने लावले होते, आणि कोण होते ते. वर्षे आणि तारखा क्रमाने सांगितल्या. शेवटी म्हणाली, “निळ्या मी रद्दीत घातल्या. बुधवारी. माझ्या हातानं.”

तिबो खाली बघत होता. “मीही पुसलं, मादाम,” तो म्हणाला. “कॉम्प्युटरवर. शाईच्या एका पानाला थोडंसं पिवळं लागलं होतं, तेवढंही ठेवलं नाही.”

“तुम्हाला मी म्हटलं होतं, स्टुडिओतल्या मुलींनी केलं म्हणून.”

त्यापुढे दोघांनाही एकमेकांना बोल लावता येईना.

त्याच आठवड्यात, रविवारी, तो वडिलांचे खंड घेऊन आला. सात पाने. पिवळा सरकलेला, कागद तपकिरी झालेला, पण ती तिथे होती. पंचविसाव्या पानावर, बापाच्या हातापासून थोडी दूर. ओडीलने बोट जवळ नेले, पण कागदाला लावले नाही. ही सात पाने पुन्हा छापता येतील, तिबो म्हणाला. पण पुढच्या तेरांना शाईशिवाय कुठे काही नाही. त्याने जाड कागदावर फिक्या निळ्या रेघांत ती तेरा पाने उमटवून आणली होती. मुलगी कुठे कुठे होती हे मादामना आठवेल का? आठवेल तेवढे लावा, घाई नाही, दुसरी आवृत्ती रंगीत काढू. पहिल्या पानावर दोन नावे घालू.

दुसऱ्या नावाबद्दल ओडीलने काही विचारले नाही. तिला पाहिजे होती ती जागा.

सहा आठवडे ती रोज दहा ते बारा खिडकीशी बसली, प्रकाश असेतो. बत्तिसावे पान सोपे होते, कुत्राच सांगत होता. तेहेतिसाव्यात बापाने आपला कोट अंगावरून काढून हातात धरला होता, म्हणजे तो कुणाला तरी द्यायला. आर्मांने कुठेच खूण केलेली नव्हती, पण कुठे कुणी सरकून बसले आहे, कुणाची मान किती खाली आहे, यावरून हाताला कळे. अडतिसाव्या पानावर धुके होते, आणि सगळ्यांच्या पाठी. आठ दिवस त्यात गेले. नवव्या दिवशी तिला दिसले की एक दोर मधेच, लहान मुलीच्या खांद्याच्या उंचीवर, किंचित वाकलेला आहे. तिने तिथे पिवळा लावला आणि ब्रश खाली ठेवून त्या दिवशी आणखी काही केले नाही. जेवलीही नाही, असे बेकरीवाली सांगते.

१२ डिसेंबरला तिबो आला तेव्हा बारा पाने वाळून तयार होती. चव्वेचाळिसावे टेबलावर तसेच होते. त्या पानात एकच मोठी चौकट होती: नामूरला नदी दुसऱ्या नदीला मिळते तिथले रुंद पाणी, लांब गेलेला पडाव, माणूस कोणी नाही. ओडीलने पाणी आणि आकाश रंगवून ठेवले होते. तिबोने वाट पाहिली. मग तिने त्याला ते सांगितले, जे तिने बेर्तलाही सांगितले नव्हते.

तेव्हा, १९६७ मध्ये, या शेवटच्या पानावर तिने नादीनला ठेवलेच नव्हते. तिला वाटले, आता पुरे, आता तिला जाऊ द्यावे. पान वाळत ठेवून ती पाव आणायला गेली. परत आली तर आर्मां तिच्या टेबलाशी उभा होता, हातात तिचा ब्रश. त्याने जन्मात कधी रंगाला हात लावला नव्हता. पाण्यावर कुठेतरी त्याने पिवळा लावला होता. जाड, ओबडधोबड, लहान मूल लावते तसा.

“इथं तू विसरलीस,” तो म्हणाला.

“विसरले नाही,” ती म्हणाली.

त्याने ब्रश ठेवला आणि तो बाहेर गेला. आणि तिने, रंग ओला होता तोवर, ओल्या स्पंजने तो उचलला, आणि वरून नदीचा राखाडी सारखा करून टाकला. दुसऱ्या दिवशी त्याने पान पाहिले, खोक्यात ठेवले आणि झाकण लावले.

“कुठं लावलं होतं त्यांनी?” तिबोने विचारले.

ओडीलने ब्रश उचलला. तो पडावाच्या मागे नेला, मग काठाकडे, मग मधल्या पाण्यावर धरला आणि तिथेच धरून राहिली. यावेळी कुत्रा नव्हता, बाप नव्हता, दोर नव्हता. बघणारे कोणीच नव्हते.

“मी बघितलंच नाही,” ती म्हणाली. “मी नुसतं पुसलं.”

तिबो म्हणाला, मग तुम्ही तेव्हा ठरवले होते तसेच ठेवू, मोकळे. ती म्हणाली, नाही, ठेवायची आहे. आर्मांने ठेवली होती. ते पान तिने आपल्याकडेच ठेवून घेतले आणि बाकीची बारा त्याला दिली.

तो दर आठवड्याला फोन करी आणि पानाबद्दल विचारत नसे. मार्चच्या सात तारखेला तिने ते पोस्टाने पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते की तिने पिवळा चार ठिकाणी लावून पाहिला आणि चारही वेळा पुसला. तिबोने पान खिडकीशी धरून, तिरपे करून पाहिले. राखाडी पाणी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखे होते. काम इतके चोख होते की चारांपैकी एकही जागा त्याला सापडली नाही.